विद्यार्थ्याचे बिऱ्हाड



या व्यासपीठावरून ज्ञानाविषयी बोलण्याचा प्रघात आहे. आज आम्ही ज्ञानाच्या आधी लागणाऱ्या एका वस्तूविषयी बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे डोक्यावरचे छप्पर. नांदेडहून किंवा चंद्रपूरहून पदवी घेऊन पुढच्या शिक्षणासाठी पुण्यास उतरणारा विद्यार्थी प्रथम ग्रंथालयाचा पत्ता विचारीत नाही. कॉट कोठे मिळेल, हे विचारतो. होय, खोली नव्हे, कॉट. एका खोलीत तीन-चार खाटा टाकायच्या आणि प्रत्येक खाटेचे भाडे वेगळे घ्यायचे, हा व्यवहार आपल्या शहरात आता इतका रुळला आहे की त्यात काही नवल आहे असे कोणास वाटतही नाही.

पुण्याला आपण विद्येचे माहेरघर म्हणतो. पण उंबरठ्यावरच अनामत मागणारे माहेर फार थोड्यांनी पाहिले असेल. हिशेबच मांडू. समजा, एका कॉटचे भाडे महिना ६,००० रुपये आहे. दोन महिन्यांची अनामत १२,०००, दलालाचे एक महिन्याचे भाडे ६,००० आणि पहिल्या महिन्याचे ६,०००. म्हणजे पहिले व्याख्यान कानी पडण्यापूर्वीच २४,००० रुपये रोख मोजावे लागतात. शेतकऱ्याच्या घरात जून महिन्यात, पेरणीच्या तोंडावर, ही रक्कम कोठून यावी? शिष्यवृत्ती तर पुष्कळदा वर्ष सरत आल्यावर हाती पडते.

मग तो स्वस्त म्हणून लांबची खोली धरतो. तेथे कॉटचे भाडे ४,५०० आहे असे समजा. येण्याजाण्यास रोज ४० रुपये आणि दोन तास लागले, तर पंचवीस दिवसांचे हजार रुपये आणि पन्नास तास झाले. वाचले किती? ५०० रुपये. म्हणजे आपल्या अभ्यासाचा एकेक तास त्याने दहा रुपयांना विकला! म्हणून नव्याने येणाऱ्यांना आमचे सांगणे असे, की नुसते भाडे पाहू नका. भाडे, प्रवास, डबा आणि वेळ यांची बेरीज पाहा. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि पाणी किती वेळ येते हे विचारल्याशिवाय अनामत देऊ नका. दिलीत तर पावती घ्या.

पूर्वी हे ओझे एकट्या विद्यार्थ्यावर नव्हते. गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत असे आणि कोणाच्या तरी वाड्यात निजत असे. त्या पद्धतीचे गोडवे आपण गातो. पण ती दारे बहुतेक ब्राह्मण मुलांपुरतीच उघडी होती, हे विसरू नये. बाकीच्यांसाठी दार उघडले ते वसतिगृहांनी. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंगला हात दिला आणि मग एकामागून एक जातीजमातींची वसतिगृहे तेथे उभी राहिली. शाळा काढून भागत नाही, शिकणाऱ्याची राहण्याची सोय लागते, हे त्या राजाने ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले. त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही दिले. पुण्यातच १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले, १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती निघाली. पण आता येणाऱ्यांचा ओघ या साऱ्या संस्थांच्या आवाक्याबाहेर गेला आहे. उरलेल्यांचे बिऱ्हाड आपण दलालाच्या हाती सोपवले आहे.

येथे आम्ही श्रोत्यांनाच एक प्रश्न विचारणार आहोत. कारण आपल्यापैकी पुष्कळजण घरमालक आहेत. आपण विद्यार्थ्याला खोली का देत नाही? पहिले कारण सांगतात ते भीतीचे: भाडेकरू घुसला की निघत नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने ही भीती घातली, हे खरे. परंतु ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला आहे. लीव्ह अँड लायसन्सने दिलेली राहती जागा मुदत संपताच परत मिळवण्याचा हक्क त्याने मालकास दिला आहे. मात्र करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. आणि ती नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज आपल्या राज्यापुरता चुकीचा आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद उपस्थित झाला, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. तेव्हा कागद केल्याने विद्यार्थ्याचे जितके रक्षण होते, तितकेच आपलेही होते.

दुसरे कारण, 'अविवाहित नकोत'. गंमत पाहा. एके काळी ब्रह्मचारी या शब्दाचा अर्थच विद्यार्थी असा होता. आज ब्रह्मचारी म्हटला की दार लागते!

तिसरे कारण मोठ्याने कोणी सांगत नाही. ते आडनाव विचारण्यात लपलेले असते. भाडे ठरते, दिवस ठरतो आणि आडनाव कळताच जागा 'कालच गेली' असे उत्तर येते. १९१७ साली कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. त्या शहरात त्यांना जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. त्या विद्वानाने उरलेला दिवस सार्वजनिक बागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. बडोद्याला विद्वान हवा होता, पण शेजारी नको होता. शंभर वर्षांनंतर आपल्या जिन्यावर तोच प्रश्न वेगळ्या, सभ्य आवाजात विचारला जात असेल, तर आपण कोणत्या प्रगतीचा अभिमान धरावा?

शासनाने काहीच केले नाही असे नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये स्वाधार योजना निघाली. पुण्यासारख्या शहरासाठी तिच्यात निवासाचे वर्षाला २०,००० रुपये धरले होते. म्हणजे महिन्याला १,७०० रुपयेसुद्धा नव्हेत. एवढ्यात कॉट कोठे मिळते, हे आपण जाणताच. शिवाय पैसा कितीही दिला, तरी दार उघडण्याचे काम शासनाला करता येत नाही. ते घराच्या आतूनच उघडावे लागते.

तेव्हा येत्या जूनसाठी आमचे मागणे लहानसेच आहे. ज्यांच्या घरी एखादी खोली रिकामी आहे त्यांनी ती विद्यार्थ्याला द्यावी. वाजवी भाडे घ्यावे, कारण आम्ही दान मागत नाही. करार नोंदवावा. अनामत एक महिन्याचीच घ्यावी आणि जाताना हिशेबाने परत करावी. चौकशी करायची तर तो काय शिकतो याची करावी, आडनावाची करू नये. आणि ज्यांच्याकडे खोली नाही, त्यांनी आपल्या सोसायटीच्या सभेत हा विषय काढावा. एका सभागृहाने एवढे केले तरी काही मुलांचे पहिले वर्ष खोली शोधण्यात न जाता अभ्यासात जाईल.