स्थूलत्वावरील शस्त्रक्रिया : निवड कशी करावी?

(वार्षिक सभेत शल्यचिकित्सा विभागातर्फे देण्यात आलेल्या व्याख्यानाचा पाठ)



वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी येणारी कुटुंबे बहुधा अर्धा निर्णय घरीच घेऊन आलेली असतात. ‘आमच्या नात्यातल्या वहिनींची जी केली, तीच करा,’ असे कोणी म्हणतात. कोणी ‘सर्वांत कमी खर्चाची कोणती?’ असे विचारतात, तर कोणी ‘सर्वांत जास्त वजन उतरवणारी कोणती?’ असे. हे तिन्ही प्रश्न स्वाभाविक आहेत. परंतु केवळ त्यांच्या उत्तरावरून निवड करता येत नाही. म्हणून शस्त्रक्रिया कशी करतात यापेक्षा ती कशी निवडावी, याविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

शस्त्रक्रियेचा विचार कोणी करावा?

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीरभार निर्देशांक, म्हणजेच बीएमआय मिळतो. १६० सेंटिमीटर उंची आणि ९६ किलो वजन असलेल्या व्यक्तीचा निर्देशांक ३७.५ येतो. १९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या निकषांनुसार ही मर्यादा ४०, आणि गंभीर सहव्याधी असल्यास ३५ होती. २०२२ मध्ये स्थूलत्व-शल्यचिकित्सकांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी ३५ किंवा त्याहून अधिक निर्देशांक असल्यास, सहव्याधी असो वा नसो, शस्त्रक्रियेची शिफारस केली. आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, हे ध्यानात घेऊन त्यांच्या बाबतीत २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा विचार करावा, असेही त्यांनी नमूद केले.

येथे एक व्यावहारिक अडचण आहे. भारतातील विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित अटी मात्र ४० किंवा विशिष्ट गंभीर सहव्याधींसह ३५ अशाच आहेत. त्यामुळे वैद्यकीयदृष्ट्या शस्त्रक्रिया योग्य असूनही विम्याचा आधार न मिळणारी कुटुंबे या दोन रेषांच्या मधोमध अडकतात.

प्रमुख पर्याय

पहिला पर्याय स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचा. यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक ठेवतात. आतड्याची जोडणी बदलत नाही. भूक वाढवणाऱ्या संप्रेरकाचा मोठा भाग जठराच्या काढलेल्या बाजूत तयार होत असल्याने भूकही मंदावते. मात्र काढलेले जठर पुन्हा बसवता येत नाही.

दुसरा पर्याय गॅस्ट्रिक बायपासचा. यात जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याला थेट जोडतात. उरलेले जठर शरीरातच राहते, पण अन्न त्यातून जात नाही. ही कल्पना अमेरिकेतील डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकात मांडली. १९९० च्या दशकात ती दुर्बिणीद्वारे होऊ लागली.

तिसरा पर्याय एकच जोडणी असलेल्या बायपासचा. त्याला ‘मिनी बायपास’ असेही म्हणतात. १९९७ पासून तो प्रचारात आला. जोडणी एकच असल्याने शस्त्रक्रिया कमी वेळाची असते. परंतु फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, वजन तेवढेच उतरले तरी अतिसार आणि पोषणाच्या तक्रारी या प्रकारात अधिक आढळल्या. ज्यांच्या आहारात प्रथिने मुळातच कमी असतात, अशा शाकाहारी रुग्णांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष तोलून पाहावा लागतो.

जठराभोवती पट्टा बसवण्याची पद्धत एके काळी लोकप्रिय होती. आता ती जगभर मागे पडली आहे. याउलट, आतड्याचा फार मोठा भाग वगळणाऱ्या शस्त्रक्रियेने वजन सर्वाधिक उतरते, परंतु कुपोषणाचा धोकाही सर्वाधिक असतो.

अभ्यास काय सांगतात?

फिनलंडमध्ये २४० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून स्लीव्ह आणि बायपास यांची तुलना करण्यात आली. २०२२ मध्ये तिचे दहा वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जादा वजनातील घट बायपासमध्ये सुमारे ५१ टक्के, तर स्लीव्हमध्ये सुमारे ४४ टक्के होती. अंतर आहे, पण फार मोठे नाही. खरा फरक दिसला तो अन्ननलिकेच्या दाहात : स्लीव्हनंतर ३१ टक्के, बायपासनंतर ७ टक्के.

निवड ठरवणाऱ्या बाबी

म्हणूनच आम्ही प्रथम छातीतील जळजळ आणि आंबट ढेकरांविषयी विचारतो आणि दुर्बिणीने जठराची तपासणी करतो. हा त्रास तीव्र असेल, तर बायपासकडे कल झुकतो.

दुसरी बाब मधुमेहाची. बायपासनंतर वजन फारसे उतरण्यापूर्वीच रक्तातील साखर सुधारू लागते. मात्र मधुमेह जुना असेल आणि इन्सुलिन अनेक वर्षे चालू असेल, तर तो पूर्णपणे नियंत्रणात येण्याची शक्यता कमी होते. हे आधीच सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

तिसरी बाब अनेकदा लपवली जाते, ती तंबाखूची. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना बायपासच्या जोडणीवर व्रण होण्याचा धोका बराच वाढतो. तंबाखू खाणे आणि मिश्री लावणे हेही त्यापूर्वी सोडलेले असावे, असा आमचा आग्रह असतो. गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांनाही हाच धोका असतो. घरातील मंडळींनी संकोच न बाळगता ही माहिती द्यावी.

चौथी बाब रक्ताची. बायपासमध्ये लोह आणि कॅल्शियम मुख्यत्वे जेथे शोषले जातात, तोच आतड्याचा भाग वगळला जातो. आधीच पांडुरोग असलेल्या तरुण स्त्रीच्या बाबतीत याचा गांभीर्याने विचार करावा लागतो. शस्त्रक्रिया कोणतीही असो, त्यानंतर निदान बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी लागते.

आणखी एक : बायपासनंतर श्रीखंड वा बासुंदीची एक वाटीही घाम, धडधड आणि चक्कर आणू शकते. काहींना हा धाक उपकारक ठरतो, काहींना तो जाचक होतो.

या सर्वांहून महत्त्वाची बाब म्हणजे पुढची वर्षे. लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्व ड आणि ब-१२ यांची पूरक औषधे तसेच ठरावीक काळाने रक्ततपासणी जन्मभर चालू ठेवावी लागते. स्लीव्हमध्ये ही गरज तुलनेने कमी असते, पण ती संपत नाही. ब-१२ ची कमतरता दुर्लक्षित राहिल्यास मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. ज्या रुग्णाला दूरच्या गावाहून एका तपासणीसाठी दिवसाची मजुरी बुडवून यावे लागते, त्याच्यासाठी कागदावरची सर्वोत्तम शस्त्रक्रिया सर्वोत्तम असेलच असे नाही. रुग्णाला जी वीस वर्षे निभावता येईल, ती त्याची योग्य शस्त्रक्रिया.

औषधे असताना शस्त्रक्रिया कशाला?

भूक कमी करणारी नवी इंजेक्शने भारतातही उपलब्ध झाली आहेत, आणि अनेकांना त्यांचा चांगला उपयोग होतो. परंतु ती थांबवल्यावर वजन बहुतांशी परत येते, आणि दीर्घकाळ घेण्याचा खर्च सर्वांना पेलत नाही. शस्त्रक्रियेमागे मात्र दीर्घ अनुभव आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या अभ्यासाने २००७ मध्ये दाखवून दिले की, शस्त्रक्रिया झालेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण न झालेल्यांपेक्षा कमी होते. अर्थात कोणतीही शस्त्रक्रिया धोक्यावाचून नसते. शिवणीतून गळती, रक्तस्राव आणि रक्ताची गुठळी या शक्यता आम्ही प्रत्येक कुटुंबाला संमतीपूर्वीच समजावून सांगतो.

आपल्याकडून अपेक्षा

आप्तेष्टांना आमची विनंती अशी की, सल्ल्याच्या वेळी रुग्णासोबत घरात स्वयंपाक करणारी व्यक्तीही यावी. कारण पुढील यश ताटातच ठरते. तसेच ‘आळशी’, ‘खादाड’ अशी विशेषणे रुग्णाला लावू नयेत. स्थूलत्व हा आजार आहे, तो स्वभावदोष नव्हे.

विश्वस्त आणि देणगीदार यांच्यापुढेही एक विचार ठेवतो. यंत्रसामग्रीसाठी मिळणाऱ्या देणगीची पाटी लागते, ती सर्वांना दिसते. परंतु शस्त्रक्रियेनंतर पाचव्या वर्षी होणारी एक रक्ततपासणी, एक महिन्याच्या गोळ्या, आहारतज्ज्ञांशी अर्ध्या तासाची भेट यांची पाटी कुठेच लागत नाही. तरीही गरीब रुग्णाच्या बाबतीत शस्त्रक्रिया तरते ती यांच्याच बळावर. या पाठपुराव्यासाठी स्वतंत्र निधी उभा राहिला, तर बायपास आणि स्लीव्ह यांतील निवड रुग्णाची ऐपत पाहून करावी लागणार नाही. ती त्याच्या प्रकृतीवरून करता येईल. एवढीच आमची अपेक्षा आहे.