दुसरी बासरी

(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे लिखित रूप)



बासरी शिकणाऱ्या मुलाची पहिली बासरी बहुधा कोणीतरी आणून दिलेली असते. जत्रेतून आणलेली, नाहीतर क्लासच्या पहिल्या दिवशी गुरुजींनी हातात ठेवलेली. शे-दोनशे रुपयांची ती बासरी वर्ष-दोन वर्षं इमानाने चालते. मग भूप, दुर्गा हातात बसतात, मुलगा तानपुरा लावून वाजवू लागतो आणि एक दिवस त्याच्याच कानाला खुपतं, की आपला धैवत उतरलेला लागतोय. फुंक बदलली, रियाज वाढवला, तरी धैवत उतरलेलाच. आता दोष मुलाचा नाही, बांबूला पाडलेल्या भोकाचा आहे. दुसऱ्या बासरीची वेळ इथे येते आणि घरच्यांचा प्रश्नही इथेच येतो: पैसे बेताचे आहेत, ते नेमके कशात घालायचे?

उत्तर एका वाक्यात द्यायचं तर पैसे सुरात घालावेत. लांबी, नाव आणि सजावट यांचा विचार त्यानंतर.

पण लांबीचा मोह मोठा असतो आणि त्याला कारणही तसंच आहे. 1911 साली बारिसालला, म्हणजे आजच्या बांगलादेशात, जन्मलेल्या पन्नालाल घोष यांनी लोकसंगीतातली ही छोटी बासरी रागसंगीताच्या मैफलीत आणली. ख्यालाची आलापी पेलेल असा गंभीर आवाज हवा म्हणून त्यांनी सुमारे 32 इंच लांबीचा बांबू निवडला. पुढे हरिप्रसाद चौरसियांनी लांब बासरीचा आवाज जगभर नेला. त्यामुळे आज पांढरी तीनची, म्हणजे हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला षड्ज असणारी लांब बासरी, दुकानदारांच्या भाषेत ‘ई बास’, ही शिकणाऱ्याला मैफलीचं प्रवेशपत्र वाटते. दहा-अकरा वर्षांचा मुलगाही तीच मागतो.

त्याच्या हाताचा विचार मात्र कोणी करत नाही. पांढरी पाचची बासरी सोडून पांढरी तीनची घेतली की भोकांमधली अंतरं साधारण पाचव्या हिश्शाने वाढतात. खालच्या हाताची अनामिका शेवटच्या भोकावर पुरती बसत नाही, कडेने हवा निसटते आणि मंद्र पंचम फुटतो. मुलगा मग मनगट वाकवतो, खांदा उचलतो आणि ती वाकडी बैठक पुढे जन्मभर छळते. पांढरी चारची बासरी पाचच्या मानाने साधारण आठव्या हिश्शानेच मोठी असते. वाढत्या वयाच्या मुलाला, लहान हाताच्या मोठ्या माणसालाही, दुसरी बासरी म्हणून तीच योग्य. पांढरी तीन नंतर घेता येते. बोटांच्या टोकांऐवजी मधल्या पेरांनी भोकं झाकायची सवय झाली, की तीही जड जात नाही.

भजनी मंडळात साथ करणाऱ्याचा हिशोब निराळा. मंडळ काळी एकला गात असेल तर पांढरी तीनची देखणी बासरी घरीच राहणार. ज्या पट्टीत रोज वाजवायचं आहे, त्या पट्टीची एकच बासरी घ्यावी. बाराही पट्ट्यांचा स्वस्त संच विकत मिळतो, पण त्यातल्या एकीचाही सूर धड नसेल तर बाराच्या बाराही वाया गेल्या.

बासरीत खात्रीची कंपनी अशी काही नसते, हे इथे लक्षात घ्यायला हवं. पाश्चात्त्य फ्लूटचं तसं नाही. थिओबाल्ड बोहमने 1847 मध्ये धातूच्या सरळ नळीवर मोजमापाने भोकं पाडली आणि ती झाकायला चाव्या बसवल्या. त्यामुळे एकाच मॉडेलचे दोन फ्लूट बरेचसे सारखे निघतात. बांबूचं प्रत्येक कांडं वेगळं, आतली पोकळीही कुठे रुंद तर कुठे चिंचोळी. कारागीर कानाने ऐकत भोक तासतो आणि भोक एकदा मोठं झालं की सहजी लहान करता येत नाही.

हा बांबू महाराष्ट्रातला नसतो. तानपुरा घ्यायला मिरज आहे, पण बासरीचं मोठं केंद्र उत्तर प्रदेशात पिलीभीतला आहे आणि तिथेही बांबू आसामातल्या सिलचरकडून येतो. लांब पेराचा, पातळ भिंतीचा बांबू तिकडे होतो. कोकणातला माणगा जवळजवळ भरीव असतो, घराच्या कामाला उत्तम, बासरीच्या कामाचा नाही. आसामच्या दमट मुलखातला बांबू नीट वाळवलेला नसला, तर विदर्भातल्या पहिल्याच उन्हाळ्यात चिरतो. म्हणून दोरा किती रंगीत आहे हे पाहण्यापेक्षा बांबू किती वर्षं वाळवला आहे, हे दुकानात विचारावं.

आता पारख कशी करायची, ते जरा सविस्तर.

बासरी हातात घेतल्यावर लगेच ट्यूनर लावू नये. पाच मिनिटं वाजवून आतली हवा तापू द्यावी. तापमान दहा अंशांनी वाढलं की बासरीचा सूर जवळपास अर्ध्या स्वराच्या एक तृतीयांशाने चढतो. मे महिन्यातल्या दुपारी सुरात वाटलेली बासरी जानेवारीतल्या पहाटे उतरलेली लागते, त्यात कारागिराचा दोष नसतो. म्हणून पट्टी काटेकोर जुळते का, याला मर्यादित महत्त्व द्यावं. बासरीतले स्वर एकमेकांशी जुळतात का, हे पाहावं. तानपुरा बासरीच्याच षड्जाला लावावा आणि मग ऐकावं.

पहिल्यांदा मंद्र पंचम, सहाही भोकं बंद करून, अगदी हलक्या फुंकेने. तो भरून आला पाहिजे. मग तीच बोटं ठेवून फुंक आवळायची, म्हणजे मध्य पंचम लागतो. या दोन पंचमांत फरक पडला तर बासरी खाली ठेवावी, पुढची परीक्षा नको. वरची तीन भोकं बंद ठेवून मध्य षड्ज आणि तार षड्ज असेच तपासावेत. स्वस्त बासऱ्या बहुधा इथेच उघड्या पडतात: मध्य सप्तक गोड आणि तार सप्तक कणसूर. मुखरंध्राजवळच्या आतल्या डाटाची जागा चुकली असेल तर असं होतं. डाट बुचाचा असेल तर जाणकार तो सरकवून सुधारू शकतो. बांबूची नैसर्गिक गाठच डाट असेल तर इलाज नाही.

त्यानंतर अर्धं भोक उघडून लागणारे स्वर. कोमल गंधार, कोमल निषाद, आणि पहिलं भोक अर्धं झाकून शुद्ध मध्यम. भोक फार लहान असेल तर अर्ध्यावर बोट ठरत नाही आणि मींड तुटक येते. शेवटी बासरी उजेडाकडे धरून खालच्या तोंडातून आत पाहावं. चीर असेल तर उजेडाची बारीक रेघ दिसते.

सातव्या भोकाबद्दलही विचारणा होते. सहा भोकांच्या बासरीत तीव्र मध्यमाला सगळी भोकं उघडी आणि पंचमाला सगळी बंद, त्यामुळे या दोघांत सलग मींड घेता येत नाही. पन्नालालजींनी तळाशी सातवं भोक पाडून ती सोय केली. पुण्यात केशव गिंडे यांनी त्यांची परंपरा पुढे चालवली. गुरुजी त्या परंपरेतले असतील तर सात भोकांची घ्यावी, नसतील तर सहाची. हा निर्णय विद्यार्थ्याचा नव्हे, तालमीचा आहे.

कसबी कारागिराची लांब बासरी काही हजारांना पडते. तेवढे पैसे जमत नसतील तर लाकडी पेटी, मखमली पिशवी आणि नावाची कोरीव मोहोर बाजूला ठेवावी. प्लंबिंगच्या प्लास्टिक पाइपाचा तुकडा, दोन टोपणं आणि आत जुन्या सुती साडीचं अस्तर, एवढ्यात उत्तम पेटी होते. एसटीच्या गर्दीतही बासरी त्यात सुरक्षित राहते. तेलाचा बोळा काठीला बांधून अधूनमधून आतून फिरवावा आणि बासरी उन्हात, बंद गाडीत ठेवू नये. कुरियरने मागवायची असेल तर वर सांगितलेले स्वर तानपुऱ्यावर वाजवून पाठवायला सांगावं, आणि पसंत न पडल्यास परत घेण्याचं आधी कबूल करून घ्यावं.

वापरलेली बासरी कमी प्रतीची समजली जाते, ते चुकीचं आहे. चीर नसलेली, दहा वर्षं वाजलेली बासरी नव्या, ओलसर बांबूपेक्षा कितीतरी भरवशाची असते, कारण चिरायची असती तर ती एव्हाना चिरली असती. कितीतरी घरांत अशा बासऱ्या कपाटावर पडून आहेत. शिकणारा नोकरीला लागला, रियाज सुटला, बासरी तशीच राहिली. या सभागृहातही अशी घरं असतील. त्यांनी ती बासरी काढावी, तेलाचा हात फिरवून जवळच्या क्लासच्या गुरुजींकडे पोचती करावी आणि दुसऱ्या बासरीसाठी पैसे साठवणाऱ्या एखाद्या मुलाला परवडेल त्या किमतीला द्यावी.