निरोगी डोळा, वाढते वय आणि पुसट कडा



नेत्रविभागात येणारे अनेक ज्येष्ठ नागरिक एकच तक्रार मांडतात : तक्त्यावरील अक्षरे वाचता येतात, परंतु तिन्हीसांजेला जिन्याची शेवटची पायरी उमजत नाही. तपासणीत मोतीबिंदू नसतो, काचबिंदू नसतो, दृष्टी ६/६ भरते. घरची मंडळी मग हा मनाचा खेळ मानतात. तो तसा नाही, हे आज आम्ही आपल्यापुढे मांडू इच्छितो.

हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये सिद्ध केलेला तक्ता पांढऱ्यावर काळी अक्षरे दाखवतो आणि नजर किती बारीक आहे एवढेच मोजतो. व्यवहारातील जग मात्र बव्हंशी करड्यावर करडे असते. वस्तू आणि तिची पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील अल्प फरक ओळखण्याच्या शक्तीस छायाभेद-संवेदनक्षमता म्हणतात. ती मोजण्यासाठी १९८८ मध्ये पेली-रॉबसन तक्ता पुढे आला. त्यातील सर्व अक्षरे एकाच आकाराची असून दर तीन अक्षरांनंतर ती अधिक फिकी होत जातात.

सिंथिया ओस्ली, रॉबर्ट सेक्युलर आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये १९ ते ८७ वर्षे वयाच्या ९१ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ठळक, रुंद पट्टे ओळखण्याची क्षमता आयुष्यभर टिकते. बारीक पट्ट्यांबाबत ती चाळिशी-पन्नाशीपासून उतरू लागते, असे त्यात आढळले.

याची कारणे डोळ्यातच आहेत. वयानुसार बाहुली आकसते, भिंग जाड व पिवळसर होते. परिणामी साठाव्या वर्षी दृष्टिपटलावर विसाव्या वर्षीच्या सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. भिंगात प्रकाश विखुरतो आणि चित्रावर झिरझिरीत पडदा पसरतो. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशीही घटतात. म्हणून संध्याकाळी अडचण वाढते. चष्म्याचा नंबर बदलून हे भरून निघत नाही.

तथापि उपाय साधे आहेत. पायऱ्यांच्या कडेला विरोधी रंगाची पट्टी मारावी. जिना, न्हाणीघर व संडास येथे भरपूर, परंतु डोळ्यांवर न चमकणारा प्रकाश असावा. दूध गडद पेल्यात द्यावे, भात रंगीत ताटात वाढावा. रात्री वाहन चालविणे शक्यतो टाळावे. मात्र अंधुकपणा अचानक आला वा एकाच डोळ्यात असला, तर वयाला दोष न देता त्वरित तपासणी करून घ्यावी.

विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे, की या कामाचा प्रारंभ आपल्याच रुग्णालयाच्या जिन्यांपासून व्हावा. रंगाच्या एका डब्याचा खर्च अल्प आहे. म्हातारपणी मोडलेल्या खुब्याची किंमत मात्र रुग्णास आणि त्याच्या कुटुंबास दीर्घकाळ मोजावी लागते.