बागेची निगा आणि लेखी करार

बागेच्या देखभालीचं काम आपल्याकडे बहुतेकदा तोंडी ठरतं आणि उन्हाळ्यात हिरवळ वाळली की वाद सुरू होतो. छत्रपती संभाजीनगरला पाणी येतं पैठणच्या जायकवाडी धरणातून, आणि नळाला ते रोज येत नाही. म्हणून टँकरचा खर्च कोणाचा, हे करारात आधी लिहा. आठवड्यातल्या फेऱ्या, छाटणी, खत, फवारणी, मेलेल्या रोपांची भरपाई, पैसे देण्याची तारीख आणि काम थांबवण्याची पूर्वसूचना हेही नोंदवा. झाड तोडायचं असेल तर 1975 च्या महाराष्ट्र वृक्ष कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती कोण काढणार, तेही ठरवा. 1872 च्या भारतीय करार कायद्यात तोंडी करारही ग्राह्य ठरू शकतो, पण तो सिद्ध करणं अवघड जातं. माळीबंधूंनो, काम सुरू करण्याआधी करारावर तुमच्या आणि बागमालकाच्या सह्या घ्याच.