गावचे पथक टिकावे कसे?

(जीर्णोद्धार सोहळ्याच्या सभेत केलेले भाषण)



मी काही व्याख्याता नव्हे. एस.एस.सी.पर्यंत शिकलेला, तालुका कचेरीत कारकुनी करणारा तुमच्याच गावचा एक माणूस. समितीने दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय मीच मागून घेतला. मंदिराचा जीर्णोद्धार आपण सर्वांनी मिळून तडीस नेला. परंतु यात्रेच्या दिवशी या मंदिरात राबणारे तरुण हात तयार करण्याचे काम अजून बाकी आहे.

आपल्या गावात पथक कधी नव्हतेच असे नाही. एका हौशी गुरुजींनी मुलांचे स्काऊट पथक उभे केले होते. त्या वर्षीच्या यात्रेत चुकलेली पोरे आईबापांच्या हवाली करणे, दर्शनाची रांग लावणे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाणी देणे ही कामे मुलांनी चोख बजावली. पुढे गुरुजींची बदली झाली आणि वर्षाच्या आत पथक मोडले. गणवेश होते, दोर होते, शिट्ट्या होत्या. पैसाही कमी पडला नव्हता. सारे पथक एका माणसाच्या खांद्यावर होते. तो गेला, पथकही गेले.

या चळवळीचे मूळ पाहिले म्हणजे उणीव कोठे होती ते कळते. १९०७ साली इंग्लंडमधील ब्राऊनसी बेटावर बेडन-पॉवेल या लष्करी अधिकाऱ्याने विसेक मुलांचे शिबिर भरविले. मुलांचे त्यांनी चार लहान संघ केले आणि प्रत्येक संघावर मुलांतलाच एक नायक नेमला. श्रीमंतांची व कामकऱ्यांची मुले एकत्र राहिली. एवढ्याशा शिबिरातून ही चळवळ जगभर पसरली.

आपल्या देशात स्काऊटिंग १९०९ साली आले. पण आरंभी ते गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच होते, आपल्या मुलांना दार बंद. तेव्हा आपली मोठी माणसे हात जोडून बसली नाहीत. अ‍ॅनी बेझंटबाईंनी मद्रासेत, तर पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादेत हिंदी मुलांच्या निराळ्या संघटना उभारल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही संस्था झाली. मुलींची गाईड संघटना १९५१ साली तीत सामील झाली.

आता आपल्या गावापुरते बोलू. शाळेशी न जोडलेले खुले पथकही रीतसर नोंदवून काढता येते. पहिल्याच दिवशी शंभर पोरे गोळा करू नयेत. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याला एक नायक व एक उपनायक. असे दोन संघ प्रथम नीट चालू द्यावेत. संघात दहावा मुलगा आला की संघाचे दोन करावेत आणि उपनायकाला नव्या संघाचा नायक करावे. वडाची पारंबी जमिनीत रुजली की तिचेच खोड होते. पथकाची वाढ अशी व्हावी.

कचेरीत बदलीचा हुकूम आला की टेबलाचा चार्ज यादीसह दुसऱ्याकडे द्यावा लागतो. यादीवाचून सुटका नाही. तोच शिरस्ता पथकाला लावावा. हजेरीपट, सामानाची नोंदवही, प्रत्येक मुलाने काय शिकून झाले त्याची नोंद हे सर्व लिहिलेले असावे. दहावी-बारावी होऊन नायक शिक्षणासाठी बाहेरगावी जाणारच. त्याने जाण्यापूर्वी सहा महिने दुसरा नायक हाताखाली तयार करावा. देखरेखीलाही एक मोठा माणूस नको, किमान दोघे असावेत. मुलींच्या पथकाला गावातल्या दोन भगिनींनी पुढे यावे. आईवडिलांची लेखी संमती घ्यावी. आठवड्याचा वार आणि वेळ ठरलेली असावी. पाऊस असो वा सुगी, ती चुकू नये.

शिकवावे काय? गाठी मारणे, प्रथमोपचार, नकाशा वाचणे, तंबू ठोकणे, गर्दीत रांग धरणे. मुले दिवसभर मोबाईलमध्ये डोके घालून बसतात अशी तक्रार आपण करतो. त्यांच्या हाताला दुसरे काय काम दिले, हेही आपण स्वतःला विचारावे.

देणगीदार मंडळींना हात जोडून विनंती आहे. पथकाला सारे फुकट देऊ नका. स्काऊटमध्ये ‘खरी कमाई’ नावाची सुंदर प्रथा आहे. मुले लोकांची लहानसहान कामे करून पैसे मिळवितात. आपण त्यांना काम सांगा आणि त्याचा योग्य मोबदला द्या. स्वकष्टाच्या पैशातून घेतलेली शिट्टी मुलगा हरवीत नाही. आपल्यापैकी जे प्रथमोपचार जाणतात, सैन्यात वा पोलिसांत नोकरी करून निवृत्त झाले आहेत, त्यांनी महिन्याचा एक रविवार दिला तर ती मोठी देणगी होईल.

मंदिराला दगड आपण बाहेरून आणला, कारागीरही बाहेरून आणले. स्वयंसेवक मात्र गावातच घडवावे लागतील. पुढल्या यात्रेपूर्वी मुलांचे दोन व मुलींचा एक संघ उभा राहावा, अशी माझी सूचना आहे. ज्यांची तयारी असेल त्यांनी सभा संपताच समितीच्या चिटणीसांकडे नावे द्यावीत. हजेरीपट व नोंदवह्या लिहिण्याचे काम मी आनंदाने पत्करतो.