सोलापूर आपलं स्वागत करतं



श्रीश्रींवरच्या या परिषदेत आपलं मनापासून स्वागत. श्रीश्री म्हणजे तेलुगू कवी श्रीरंगम श्रीनिवासराव, ३० एप्रिल १९१० रोजी विशाखापट्टणमला जन्मले. त्याच साली आमच्या सोलापुरात, चीनमध्ये जखमींची सेवा करणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जन्मले, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

हे गाव हुतात्म्यांचं. १९३० साली इथे मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा येरवड्यात फासावर गेले. कवी कुंजविहारी याच गावचे. फाशी जाणाऱ्या तरुणाने आईला दिलेला निरोप त्यांनी कवितेत बांधला. आज पोरांना त्यांचं नावही सांगावं लागतं, याने जीव तुटतो. माझे वडील शहराच्या पूर्व भागात हातमागावर बसत. घरात बोलणं तेलुगू, पण मागावर कुंजविहारींची ती मराठी कविता. धोटा उजवीकडे गेला की एक ओळ, परत आला की दुसरी. सूत तुटलं की कविता थांबे. गाठ मारली की त्याच शब्दापासून पुढे.

श्रीश्रीही मी असेच कानांनी शिकलो. शाळा मराठी, त्यामुळे तेलुगू लिपी मला येत नाही. त्यांचा ‘महाप्रस्थानम्’ हा कवितासंग्रह १९५० साली पुस्तकरूपात आला. त्यातल्या बऱ्याच कविता १९३० च्या दशकातल्या. कष्टकऱ्याला मध्यभागी बसवणारी ती मात्रांची चाल कानी पडली, की मला वडिलांचा माग ऐकू येतो. म्हणून श्रीश्रींवर विद्वानांइतकाच आमच्या विणकरांचा हक्क आहे, असं मी मानतो.

आता व्यवस्थेबद्दल. जयंती साधायची म्हणून एप्रिलअखेरचं हे ऊन तुम्हाला सोसावं लागतंय. काल रात्री निवासात पाणी उशिरा आलं, वडीलधाऱ्या पाहुण्यांना बादल्या उचलाव्या लागल्या. हात जोडून क्षमा मागतो. मंडपाचं भाडं न घेणारे मंडपवाले, प्रत्येक पाहुण्यासाठी चादर आणि टॉवेल देणारे कारखानदार, दोन दिवस खपून कडक भाकरी नि शेंगाचटणी करणाऱ्या भगिनी, या सगळ्यांचा मी ऋणी आहे. आणि विडी वळणाऱ्या बायकांनी एका दिवसाची मजुरी रुमालात बांधून आणून दिली. ती गाठ सोडताना माझे हात थरथरले. पावती फाडायला गेलो, तर त्या थांबल्याच नाहीत. त्या आज मंडपात मागे बसल्या आहेत.

जेवण साडेबाराला. पहिल्या पंगतीत पाहुण्यांसोबत त्याही बसतील.