दोन पूर्णा

पूर्णा नावाच्या दोन नद्या आहेत. एक अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून परभणी जिल्ह्यात गोदावरीस मिळते. दुसरी सातपुड्यातून उतरून अकोला-बुलढाण्याच्या सपाटीवरून तापीस जाते. दोघींच्या तीरी काळीभोर जमीन, दोघींच्या तीरी कापूस आणि ज्वारी. वरवर पाहणारास ही दोन खोरी जुळ्या बहिणी वाटावीत. विहीर खणू लागले म्हणजे मात्र भेद कळतो.

वऱ्हाडच्या पूर्णेखाली भूमीच खचलेली आहे. भूकवचास भेगा पडून एक लांबलचक पट्टा खाली बसला आणि त्या खळग्यात नद्या दीर्घकाळ गाळ ओतीत राहिल्या. तेथे गाळाची जाडी काही ठिकाणी शेकडो मीटर भरते. पाणी आहे, पण पुष्कळ गावी ते खारट. ‘खारपाणपट्टा’ हे नाव त्यावरूनच पडले.

गोदावरीची गोष्ट निराळी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण झाला. तो झिजवून नदीने आपली वाट केली आणि वाटेच्या कडेने गाळ पसरला. तेव्हा पाथरी, सोनपेठ, गंगाखेड या भागांतील गाळाचा पट्टा नदीलगतच आणि उथळ; खाली लवकरच पाषाण लागतो.

जेथे काठ तुटलेला असेल तेथे ही रचना उघडी दिसते. तळाशी चुन्याने घट्ट बांधलेली गोट्यांची रास. तीत लाव्ह्याच्या पोकळ्यांतून सुटलेले अकीक आणि गारा. त्यावर कंकर मिसळलेली पिवळसर माती आणि माथ्यावर ती काळी, जी पावसात फुगते व उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. याच नदीच्या वरच्या अंगास, पैठणजवळ मुंगी येथे, 1860 नंतरच्या दशकात भूगर्भसंशोधक वाइन यांस जुन्या गाळात मानवाने घडविलेले अकीकाचे एक पाते मिळाले. नाशिककडील गाळात सापडलेल्या प्रचंड प्राचीन हत्तीचे वर्णन पिल्ग्रिम यांनी 1905 मध्ये प्रसिद्ध केले. कापसापलीकडे या मातीकडे कोणी पाहत नाही, हे खरोखर नवल!

तथापि खेडुतास हत्तीपेक्षा पाण्याची चिंता अधिक, आणि ते योग्यच आहे. पाषाणात पाणी राहते ते केवळ सांध्यांत आणि कुजलेल्या मुरुमात. वाळूत मात्र कणाकणांमधील पोकळीत ते साठून राहते. नदीचे पात्र हेच मोठे भांडार होय. या भांडाराची जाडी वऱ्हाडासारखी नाही, हे वाळू उपसणारा विसरतो. शिवाय 1976 मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाने कालव्याचे पाणी परभणीस दिले खरे, पण वरून येणारा बराचसा गाळ पैठणापाशीच अडविला. गेलेल्या वाळूची भरपाई आता बव्हंशी खालच्या उपनद्यांवरच अवलंबून राहते, आणि त्यांतील पूर्णेवरही येलदरीचे धरण आहेच.

वैशाखात कोरड्या पात्रात हातभर वाळू बाजूस सारली की झऱ्याला गोड पाणी येते. पण जेथे पाषाणापर्यंत उपसा झाला आहे, तेथे झरा खणण्यास वाळूच उरत नाही.